शिक्केदाराची रजा

प्रधानजींचा उजवा हात शुक्रवारी सकाळी, भर दरबारात, कोपरापासून तुटला. ही घटना घडलेलीच नाही, असं त्याच दुपारी राजवाड्याच्या सूचनाफलकावर लागलं. तेव्हा आपणही तसंच धरून चालू आणि बुधवारपासून सुरुवात करू. बुधवारी प्रधानजींना दोन हात होते आणि दोन्ही बरबटलेले होते.

टाचणी सोळा वर्षांची, राजवाड्याची शिक्केदार. नेमणूक अनुकंपा तत्त्वावर, वडिलांच्या जागी. वडील ठणठणीत होते, फक्त त्यांची बोटं संपत आली होती. उरलेल्या तीन बोटांना शिक्का पेलवेना.

कारण शिक्का जिवंत होता. कासवाएवढा, तांब्याचा, खाली राजमुद्रा, वर दात. मजकूर खरा असला की गुमान उमटायचा. खोटा असला की आधी धरणाऱ्याला चावायचा, खोट्याच्या मापाने, आणि तो घास गिळून मग उमटायचा. ‘नवा पूल पक्का आहे’ या कागदाला बाबांची करंगळी गेली. ‘कैदी जिन्यावरून घसरून वारला’ याला अंगठा. खोटं लिहिणारा कोण, हे शिक्का बघत नसे. लोकही बघत नसत. शिक्केदाराचं घराणंच लबाड, असं सगळ्या शहराचं मत होतं.

तर बुधवारी महाराजांना स्नानगृहात एकतीस वार करून मारलं. दारावरच्या पाच पहारेकऱ्यांनी प्रधानजींना सुरी पुसताना पाहिलं. संध्याकाळपर्यंत त्यातले चौघं गळे चिरलेल्या अवस्थेत विहिरीत सापडले. पाचवा टाचणीचा दादा. त्याला जिवंत ठेवलं, कारण खुनी म्हणून कुणीतरी लागतोच.

“परवा दरबारात तुझ्या भावाच्या शिरच्छेदाचा कागद आहे,” प्रधानजी तिला म्हणाले. “शिक्का तू मारायचास.”

“साहेब, हात जाईल माझा.”

“जाऊ दे. बहीणही कटात होती म्हणून चावला, असं सांगू. लोकांना पटतं. तुझ्या बापाच्या वेळी पटलंच की.”

बोलताबोलता ते सह्या करत होते. त्यांच्या कचेरीत कागद घडी घालूनच पुढे यायचा, फक्त सहीची जागा दिसेल असा. वाचलं म्हणजे माहीत होतं, आणि माहीत असलेला माणूस अडकतो. वीस वर्षांत त्यांनी एक ओळ वाचली नव्हती. याचा त्यांना अभिमान होता.

घरी बाबा तीन बोटांत चमचा धरून बसले होते.

“दादाचे दात पाडलेत, बाबा. कोठडीच्या खिडकीतून पाहिलं. तोंडातून रक्त येतंय आणि शिव्या देतोय.”

“म्हणजे शुद्धीवर आहे.”

“तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत का?”

“रजा मागायचो. शिक्केदार रजेवर असला तर शिक्का रजा मंजूर करणाऱ्याने मारायचा, असा नियम आहे. साहेब सरळ नाही म्हणायचे.”

“लेखी मागितलीत कधी?”

बाबांनी चमचा खाली ठेवला.

गुरुवारी टाचणीने एका कागदाला नीट घडी घातली आणि तो प्रधानजींच्या सह्यांच्या गठ्ठ्यात सरकवून दिला.

शुक्रवारी दादाला ओढत आणलं. एक डोळा बंद, एक कान लोंबता. सराव म्हणून जल्लादाने तेवढं उरकून घेतलं होतं. मजकूर मोठ्याने वाचला गेला: महाराजांचा खून याच पहारेकऱ्याने केला.

“शिक्केदार,” प्रधानजी म्हणाले.

“रजेवर आहे, साहेब,” टाचणी पाहुण्यांच्या बाकावरून म्हणाली. “आज नुसती बघायला आलेय.”

“रजा कुणी दिली?”

“तुम्हीच.”

रजेचा अर्ज सेनापतींच्या हातात गेला. ते मख्ख माणूस. त्यांनी वाचला, सही पाहिली, शिक्क्याचं तबक उचलून प्रधानजींपुढे ठेवलं.

“नियम आहे,” ते म्हणाले. “मारा.”

“माझा हात दुखतोय.”

“मजकूर खरा आहे ना?”

“म्हणजे काय, खराच.”

“मग काय अडलंय?”

सगळा दरबार बघत होता. प्रधानजींनी खिशातून लोखंडी हातमोजा काढून चढवला, तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. त्यांनी शिक्का उचलला. शिक्क्याने आधी हातमोजा सोलला, शेंगेसारखा. मग मनगट. हाडाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. रक्ताची चिळकांडी जल्लादाच्या धुतलेल्या कपड्यांवर उडाली आणि तो नाराज झाला. कोपराशी पोचेस्तोवर शिक्क्याचं तोंड इतकं भरलं, की उमटायचं राहूनच गेलं.

सेनापतींनी बिनशिक्क्याचा राहिलेला कागद फाडला. “पोराला सोडा,” ते म्हणाले. “यांना शिरच्छेदापर्यंत त्याच्या कोठडीत टाका. फलकावर काहीतरी लावा.”

दादा घरी परतला. कान बाबांनी तीन बोटांनी शिवला, त्यामुळे तो उलटा बसला.

सोमवारी कामावर रुजू होताच टाचणीला पहिलं टपाल कोठडीतून आलं. अक्षर डाव्या हाताचं, कागदाला घडी नाही.

‘अर्जदारास सविनय कळवायचे आहे की, अर्जदाराची सही फक्त उजव्या हाताची ग्राह्य धरली जाते व सहीविना कोणताही अर्ज विचारात घेतला जात नाही. तरी, या अर्जावर सही करता यावी म्हणून, शिक्क्याच्या पोटातील माझा उजवा हात मला शिरच्छेदापूर्वी परत मिळावा, ही नम्र विनंती.’