प्रकाशपेटी आणि अकरा आठवड्यांचा निकाल

मित्रांनो, मी एक जुनी प्रकाशपेटी आहे आणि आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव चिडका आहे. तीस वर्षं डॉक्टरांच्या खोलीत भिंतीला लटकून राहिलं तर कुणाचाही होईल.

माझं रूप साधं. पत्र्याची चौकट, पुढे दुधी काच, आत दोन ट्यूबलाइट आणि वरच्या कडेला चिमटे. एक्स-रेची फिल्म चिमट्यात अडकवायची, बटण दाबायचं, की मागून उजेड पडून हाडं, फुप्फुसं, कुणी गिळलेलं नाणं, सगळं दिसू लागतं. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्यासारख्या चाळीस बहिणी एकाच ट्रकमध्ये होत्या. त्या कुठे कुठे गेल्या कोण जाणे. मी आले या रुग्णालयात, शस्त्रक्रिया विभागाच्या डॉक्टरांच्या खोलीत. दाराच्या अगदी समोरची भिंत मला मिळाली आणि खाली चहाची किटली. किटलीच्या वाफेने माझा खालचा पत्रा गंजत गेला, पण मी तक्रार केली नाही. तेव्हा करत नसे.

काम मी चोख केलं. आजचे मोठे डॉक्टर तेव्हा तरुण होते. एकदा बरगडीआड लपलेला केसाएवढा तडा त्यांना माझ्या उजेडात सापडला, तेव्हा माझ्या काचेवर थाप मारून ते म्हणाले होते की ही आहे म्हणून आपलं चाललंय. त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. मग संगणक आले आणि फिल्म बंद झाल्या. गरज सरो, वैद्य मरो! माझ्या चिमट्यांत ड्यूटीचे तक्ते लागले, रजेचे अर्ज लागले, एकदा तर हरवलेल्या छत्रीची चौकशी चार महिने लटकत होती. बटण मात्र कुणी दाबेना.

अशा दिवसांत ताई आमच्याकडे आली. ती शल्यचिकित्सा शिकलेली तरुण डॉक्टर. सिस्टर तिला ताई म्हणत, म्हणून सगळेच म्हणू लागले. हात असा हलका की टाके घालताना रुग्ण गप्पा मारत असे. पण नुसता हात चांगला असून चालत नाही. मंडळाची परीक्षा पास व्हावी लागते आणि मंडळ तीनच संधी देतं. ताईच्या दोन गेल्या होत्या. तिसरी देऊन ती आली होती. विभागात कायमची एक जागा रिकामी होती. मोठ्या डॉक्टरांनी ती ताईसाठी राखून ठेवली, पण परीक्षेनंतरच्या अकराव्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी बारापर्यंतच. निकाल तोवर लागेलच, असं सगळे म्हणाले. पास झाली तर जागा तिची, नाही तर यादीतल्या पुढच्या माणसाची. आणि नापास झाली तर ताईला पुन्हा कधीच शल्यचिकित्सक होता येणार नव्हतं.

मंडळाने सांगितलं होतं, निकाल सहा ते आठ आठवड्यांत. सहा गेले, आठ गेले. संकेतस्थळावर एकच ओळ होती, ‘प्रक्रिया सुरू आहे’. ताईने दूरध्वनी केला तर तिकडचे कारकून म्हणाले, संकेतस्थळ बघत राहा. आणि संकेतस्थळावर लिहिलं होतं, अधिक माहितीसाठी दूरध्वनी करावा. मी पत्र्याची आहे, तरी माझं डोकं तापलं.

या खोलीत एक तरुण डॉक्टर होता, त्याला सगळे टक्केवारी म्हणत. पाऊस पडेल का विचारलं तरी तो टक्के सांगायचा. त्याच्याकडे एक तोडगा होता, तो म्हणे सगळ्याच परीक्षार्थींत चालतो. पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरून बघायचा. फॉर्म उघडला तर तुम्ही नापास, कारण मंडळ तुम्हाला परत बसू देतंय. अडला तर पास. ताईने सकाळी बघितलं, फॉर्म उघडला. जेवताना बघितलं, अडला. चारला पुन्हा उघडला. एका दिवसात ती दोनदा नापास आणि एकदा पास झाली, आणि त्या दिवशी तिने कॉफीत मीठ घातलं. चौथी संधीच नाही, मग फॉर्म उघडला काय नि अडला काय, त्यातून कळणार काय, एवढा साधा प्रश्न खोलीतल्या एकाही शिकल्यासवरल्या माणसाला पडला नाही. वाट बघून बघून माणसाची मती गुंग होते ती अशी.

ताईचे बाबा शिंपी. रोज जेवणाच्या वेळी त्यांचा फोन यायचा. पहिले काही आठवडे ते विचारत, लागला का गं? मग त्यांनी विचारणं सोडलं. जेवलीस का, एवढंच विचारत. ती हो म्हणायची, आणि फोन ठेवून पुन्हा संकेतस्थळ उघडायची. मला ते बघवत नसे.

अकराव्या आठवड्यात, शुक्रवारी दुपारी, निकाल आला. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर नीट दिसेना, म्हणून ताईने तो कार्यालयातून छापून आणला. तिथलं यंत्र कागद वाचवायला दोन्ही बाजूंनी छापतं. हे लक्षात ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, निकाल आला म्हणजे संपलं. कसलं संपलं! त्या कागदावर पास हा शब्द नव्हता आणि नापासही नव्हता. वर एक आकडा होता, त्रेसष्ट. खाली बारीक अक्षरांत टीप, की हे टक्के नव्हेत आणि गुणही नव्हेत. मग काय पायांचं माप होतं का? त्याखाली एक आडवी पट्टी काढलेली, आणि मंडळाचा उपदेश, की उमेदवाराने आपल्या कामगिरीकडे सर्वांगाने पाहावे.

टक्केवारीने कागद तिच्या हातातून घेतला आणि म्हणाला, इथे लावू, नीट दिसेल. त्याने तो माझ्या चिमट्यात अडकवला आणि बटण दाबलं.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. किती वर्षांनी माझ्या ट्यूब फडफडून लागल्या. मी होता नव्हता तेवढा उजेड त्या कागदामागे ओतला. माझी चूक झाली ती तिथेच.

ताई, टक्केवारी, भूल देणाऱ्या बाई आणि मोठ्या सिस्टर, चौघं हाताची घडी घालून माझ्यासमोर उभी राहिली, अगदी फुप्फुसाची फिल्म वाचावी तशी. कडेपासून सुरुवात करून मधोमध आली. पट्टीच्या पुढे बोटभर अंतरावर एक जाड काळी उभी रेघ दिसत होती. हीच पास व्हायची रेघ, असं चौघांनी धरलं, आणि ताईची पट्टी तिच्यापर्यंत पोचत नव्हती. पट्टीखाली एक बारीकसा त्रिकोणही होता.

“आणि हा?” भूल देणाऱ्या बाईंनी त्रिकोणावर बोट ठेवलं.

“आर्टिफॅक्ट,” टक्केवारी म्हणाला. “छपाईचा डाग. सोडून द्या.”

फिल्मवर खरं नसलेलं काही उमटलं की डॉक्टर त्याला असं म्हणतात आणि सोडून देतात. चौघांनीही मान डोलावली. मी आतून ओरडत होते, अहो, रेघ मागची आहे! ही फिल्म नाही, कागद आहे, त्याला मागची बाजू असते! पण पेटीला तोंड कुठलं?

ताई बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिली. मग तिने टेबलाशी बसून चार ओळींचं पत्र लिहिलं, की परीक्षेत अपयश आल्याने जागेवरचा हक्क सोडत आहे. टक्केवारीने सांगून पाहिलं, उद्या बारापर्यंत वेळ आहे, थांब. ती म्हणाली, जो पुढच्या नंबरावर आहे तोही माझ्यासारखाच फोनकडे डोळे लावून बसला असेल, त्याला कशाला उगाच ताटकळत ठेवायचं. पत्र कार्यालयात देऊन ती घरी गेली. मला बंद करायचंही कुणाला सुचलं नाही.

शनिवारी सकाळी तिचे बाबाच आले. फोन तिने उचलला नव्हता, म्हणून सकाळची पहिली गाडी पकडून, डबा घेऊन. घाईत गळ्यातली माप घ्यायची फीतही काढायची राहिली होती. ताई उठून उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, नाही झालं.”

त्यांनी डबा टेबलावर ठेवला, माझ्याजवळ आले आणि कागदाकडे बघू लागले. मग त्यांनी चिमट्यातून तो काढला, दोन बोटांत धरून कापडासारखा चाचपला आणि उलटा केला.

“बाळा, ही रेघ मागच्या बाजूची आहे.”

त्यांनी कागद टेबलावर पसरून हाताने सारखा केला. “उजेडाला धरलं की अस्तराची शिवणसुद्धा वरची वाटते. माप घ्यायचं तर कापड टेबलावर पसरून घ्यावं. बघ, इकडे नमुना लिहिलंय. ही रेघ त्या नमुन्यातली, तुझी नव्हे.”

मागच्या बाजूला मंडळाने निकाल कसा वाचावा याचा नमुना छापला होता, आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, त्रिकोणी खूण म्हणजे किमान पात्रता. ताईने कागद पुन्हा सुलटा केला. तिची पट्टी त्या त्रिकोणाच्या पुढे गेली होती. नखभरच, पण पुढे. चार जणांनी ज्याला डाग ठरवलं होतं, तोच खरा निकाल होता.

ताईने पट्टीवर नख ठेवून ते अंतर दोनदा मोजलं. हसत होती की रडत होती, मला कळेना.

“मग पास असं लिहायला काय झालं होतं त्यांना?” ती म्हणाली.

तेव्हा अकरा वाजले होते. बाराला तासभर होता. ती धावत कार्यालयात गेली आणि वीस मिनिटांत परत आली. तिच्या चेहऱ्यावरून मला समजलं. ज्या कार्यालयात आमच्या पंख्याच्या दुरुस्तीचा अर्ज दोन वर्षं पडून आहे, त्या कार्यालयाने आयुष्यात पहिल्यांदा एक काम वेळेत केलं होतं. साडेनऊ वाजता पुढच्या उमेदवाराचा आदेश निघाला होता. मोठ्या डॉक्टरांनी तीन फोन केले, पण सही झालेला आदेश कुणी मागे घेईना. ती पास झाली हे सांगायला अकरा आठवडे लागले, आणि तिचं नाव खोडायला एक सकाळ पुरली. सांगा मित्रांनो, चिडू नको तर काय करू?

बाबांनी डबा उघडला. वाईट वाटतंय का, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, राग येतोय. येऊ दे, ते म्हणाले, पण दोन घास खा. मग दोघं त्याच टेबलावर जेवली.

ताईला दुसऱ्या गावच्या लहानशा रुग्णालयात जागा मिळाली. महिनाअखेरीस ती जाणार होती. जायच्या आठवड्यात एकदा सगळे जेवायला बसले असताना एका रुग्णाच्या गाठीचा रिपोर्ट आला. त्याची बायको दाराबाहेर बाकावर बसलेली मला दिसत होती. टक्केवारी म्हणाला, चारला राउंड आहे, तेव्हा सांगू. ताईने रिपोर्ट टेबलावर पसरला, दोन्ही बाजू वाचल्या, हातातला घास खाली ठेवला आणि उठून बाहेर गेली.

“मावशी, गाठ साधी आहे. कॅन्सर नाही. बाकीचं चारला सगळं समजावून सांगते, पण एवढं आत्ताच ऐका.”

त्या बाईंनी भिंतीला डोकं टेकलं. “तीन दिवस झाले,” त्या म्हणाल्या, “कुणी काही बोललंच नाही हो.”

ताई त्यांच्याजवळ बसून राहिली. तिचं जेवण गार झालं. तीस वर्षं मी त्या दारासमोर आहे, पण नुसतं हो की नाही सांगायला जेवण टाकून उठलेलं मी तोवर कुणाला पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, माझा पत्रा गंजलाय, काच पिवळी पडलीय, आणि या भिंतीला लवकरच रंग द्यायचाय असं ऐकते. मला काढतील, भंगारात देतील. जाता जाता कुणी एकदा पुसलं तर बरं वाटेल, पण मागणं माझं ते नाही. तुमच्यातलं कुणी उद्या पेपर तपासेल, कुणी रिपोर्ट लिहील, कुणी नुसताच एखाद्या खिडकीमागे बसेल. तुमच्या हातात ज्याचा कागद आहे, तो बाहेर बाकावर बसलेला असतो. त्याला पहिल्या ओळीतच सांगा, हो की नाही. आणि जेवण व्हायच्या आधी सांगा.