पाळण्याचा केक

शिवशंकर दाजीनं मोबाईलवर केकचा फोटो धाडला तवाच माझं डोस्कं फिरलं. दोन मजली केक, वर साखरेचा पाळणा, पाळण्यात निजलेलं बाळ, अन् भवतीनं कपकेक, एकेकावर इवलाले बूट. खाली लिहिलतं, वहिनी, असा होत असंल तर तेजूला डोहाळजेवणाला घेऊन येतो, न्हाईतर हितंच परळीत उरकून टाकू.

आता तुमी म्हणाल, डोहाळजेवण हिकडं झालं काय अन् तिकडं झालं काय. तर आयका. तेजश्री माझी नणंद, दाजीची बायको. तिचं पहिलं लेकरू सातव्या महिन्यात गेलं, परळीतच गेलं. पाय सुजलते, डोळ्यांपुढं अंधारी यायची, अन् सासूचं म्हणणं, आमाला न्हाई का झाली लेकरं? दवाखान्यात नेलं तवर खेळ आटपलता. आता दुसऱ्या बारीला बी तीच गत. डॉक्टरीणबाईनं सांगितलं, अंगात रक्त न्हाई, पडून ऱ्हावा. अन् ही तिसऱ्या मजल्यावर पाण्याच्या कळश्या चढवतीय. एक दिवस न्हाणीतून फोन केला तिनं, नळ सोडून, म्हणजे कुणाला आयकू जाऊ नये.

"वहिनी, मला हितनं न्हे. ह्या बारीला मी बी वाचायची न्हाई."

नुसतं न्ह्यायला आलो म्हणून धाडणारातली ती माणसं न्हाईत. पण आमच्यात रीत हाय, माहेरात ओटी भरली की लेक बाळंत होईस्तोवर माहेरातच ऱ्हाती. तिची सासू वत्सलाबाई रीतीभातीची लई कट्टर. सुनेचा जीव गेला तर चालंल, रीत मोडायची न्हाई. म्हणजे तेजूनं आमच्या कडा गावच्या घरात पाटावर बसायचं अन् ओटी भरून घ्यायची, एवढंच आमाला पायजे होतं. अन् ते सगळं दाजीच्या हातात, अन् दाजीचा सगळा जीव रीलमध्ये. मोबाईलचं दुकान हाय त्याचं. कुण्या दोस्ताच्या बायकोच्या केकला लई लाईक आलते, तवापासून त्याच्या पोटात दुखत होतं.

कड्यात मला समदे केकवाली वहिनी म्हणतेत. आमच्या आत्याला, म्हणजे सासूबाईला, घरात अंडं चालत न्हाई, म्हणून मी दही अन् सोड्यावर केक फुगवते, अन् कुणाच्या बापाला फरक कळत न्हाई. मी दाजीला कळवलं, या तुमी, ह्याहून भारी करते.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. ज्या दिवशी ते यायचे त्याच दिवशी पहाटं लिंबागणेशवरून फोन आला. सुंदरराव काकाला घरघर लागली. काका म्हणजे आत्याचे धाकले दीर. तेजूचे वडील ती रांगत होती तवाच गेले, अन् तिला काकानंच खांद्यावर वाढवलं, कन्यादान बी त्यांनीच केलं. आत्या लगेच लुगडं बदलायला उठली. मी आडवी आले. म्हणलं, आत्या, तुमी गेलात तर ओटी कोण भरणार? ती खाली बसली. मग तांदूळ निवडायला लागली.

माझा नवरा लखन मोटरसायकलीवर निघाला. दारात मी त्याला गाठलं अन् सांगितलं, "काय बी झालं तरी मला फोन करू नका. ओटी भरली की मीच करते."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जशी काय मी वैरीण हाय. पण त्याला बी ठाव होतं. सुतक कानावर आल्यावर लागतं. मढं तिकडं पडलं असलं तरी जवर आयकलं न्हाई तवर हिकडचं कार्य होतं, आमच्यात लोकांनी अशी लग्नं लावून घेतलीत. अन् एकदा आयकलं की मग वत्सलाबाई आमच्या घरचं पाणी बी पिणार न्हाई. तेजूला गाडीतून उतरू देणार न्हाई.

त्यात लाईट गेली. एप्रिलचं ऊन, पत्र्याचं घर, केकचा खालचा मजला ओव्हनमध्ये अर्धा कच्चा. मी लाईटवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग थोरली कढई गॅसवर ठिवली, तळाला मीठ पसरलं, वर झाकण, झाकणावर वरवंटा, अन् तो मजला तिच्यात भाजून काढला. कपकेक स्टीलच्या वाट्यांत केले. ते झालं तर क्रीम फेटायचं कसं? ते तर ताकावानी पातळ झालं. तशीच पळत रसवंतीवर गेले, गोणपाटात बर्फाची लादी बांधून आणली, परातीत फोडून त्यात पातेलं ठिवलं अन् हातानं फेटत बसले. दंडाला गोळे आले. रडायला येत होतं, पण रडलं तर क्रीममध्ये पाणी जाईल म्हणून रडले न्हाई. तुमाला हसू येईल, पण खरंच हेच मनात आलतं.

पाळण्याला मात्र लई घाम फुटत होता. साखरेचा लगदा उन्हात सुटतो. बाळाचं तोंड करायला गेले अन् झालं माकड. मोडलं. परत केलं. तिसऱ्यांदा आत्या बाजूला येऊन बसली, अन् तिनं बोटानं एवढंसं नाक ओढलं, अन् ते बाळ एकदम माणसात आलं. आत्या त्या बाळाकडं बघत ऱ्हायली, मग हळूच म्हणली, लखनचा फोन आला का बघ.

फोन आलता. मी बर्फ फोडत होते तवा एकच रिंग वाजून बंद पडलता. लखनचाच. मी उचलला न्हाई. उचलला न्हाई म्हणजे आयकलं न्हाई, असं स्वतःलाच बजावलं. मी म्हणलं, न्हाई आला. मग माझा अन् आत्याचा, दोन्ही मोबाईल बंद करून मैद्याच्या डब्यात कोंबले अन् झाकण घट्ट लावलं. आत्याला सांगितलं, चार्जिंग संपली, लाईट न्हाई ना. ती बघत होती मी काय करते ते. तिनं परत इचारलं न्हाई.

त्यांची गाडी दुपार कलल्यावर आली. तेजू उतरली तर मला ओळखू येईना. तोंड पांढरं फटक, ओठ बी पांढरे, नुसतं पोट पुढं आलेलं. दाराच्या चौकटीला धरून उभी ऱ्हायली अन् माझ्याकडं बघून हसली. माझ्या जिवाचं पाणी झालं. म्हणलं, देवा, एक घंटा दे, बाकी काय मागत न्हाई.

वत्सलाबाई पाय धुता धुता सांगायला लागली, लिंबागणेशला गणपतीचं दर्शन घेऊनच आलो, सुनेला न्ह्यायलाच पायजे होतं. मनात आलतं, तुमच्या दिराच्या घरी बी डोकावं, पण शिवा म्हणला, उशीर झाला तर शूटिंगला उजेड मिळायचा न्हाई. माझ्या हातातला तांब्या निसटता निसटता ऱ्हायला. आत्या म्हणली, बरं केलं, ते आजारी हायेत, आराम करतेत.

केक बघून दाजी खूश. आडवा धरून, उभा धरून, वाकून, स्टुलावर चढून त्यानं फोटो काढले. तेजूला हिरवी साडी नेसवली, फुलांचे दागिने घातले, पाटावर बसवली. शेजारच्या बाया आल्या. मी आत नारळ आणायला गेले, आत्या तिथंच खण घडी करत होती, अन् मागनं दाजी आला. त्याचं तोंड बदललं होतं. त्यानं मोबाईल माझ्या नाकापुढं धरला. भावकीतल्या रामहरीचं स्टेटस. काकाचा फोटो, हार घातलेला, खाली भावपूर्ण श्रद्धांजली.

बघा आता. मी डब्यात कोंबले दोन मोबाईल, अन् साऱ्या जिल्ह्याचे मोबाईल उघडे. एवढी अक्कल मला कावून आली न्हाई?

दाजी दबक्या आवाजात फणफणला. आमाला फसवता का, सुतकात बोलावून गरोदर बाईला बसवता का, आईला सांगतो अन् आत्ताच्या आत्ता गाडी काढतो. मी आत्याकडं बघितलं न्हाई. मला बघायची ताकदच न्हवती.

आत्या उठली. तिनं मोबाईल त्याच्या हातातून घेतला, लांब धरला, त्या फोटोकडं बघितलं. लई येळ बघितलं.

"मला लिहिता-वाचता येत न्हाई, जावईबापू," ती म्हणली. "भावजीचा फोटो हाय. जुना हाय. मला कुणी सांगितलं न्हाई, माझ्या कानावर आलं न्हाई."

"मामी, मी सांगतोय ना."

"तुमी सांगितलं तर मला आयकावं लागंल. तुमच्या आईला बी आयकावं लागंल. मग ओटी न्हाई, केक न्हाई, तुमचं शूटिंग न्हाई. सांगायचं का तुमीच ठरवा."

तिचा आवाज हालला न्हाई. बाहेर बायांनी गाणं धरलतं. दाजीनं दाराकडं बघितलं. तिथनं केक दिसत होता, पाळण्याच्या दांडीवर घाम साचायला लागलता, थोड्या येळात सगळं वघळणार होतं हे त्याला बी दिसत होतं. त्यानं मोबाईल परत घेतला अन् स्टेटस सरकवून कॅमेरा उघडला. म्हणला, केक कापून घेऊ मग पटकन.

अशा माणसाच्या हौशीवर तेजूचा जीव वाचत होता. हसावं का त्याच्या तोंडात मारावी, कळंना. मी नारळ घेऊन बाहेर गेले.

आत्यानं ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ, हळकुंड, काय म्हणून काय चुकलं न्हाई. मग तेजूनं केक कापला. वत्सलाबाईनं पहिला तुकडा सुनेला भरवला अन् दुसरा उचलून आत्यापुढं धरला, "घ्या ईनबाई, तोंड गोड करा." दाजीनं मोबाईल जवळ आणला. म्हणला, मामी, हसा की.

आत्या हसली. तिनं तोंड उघडलं अन् तो तुकडा खाल्ला. पाळण्याचाच तुकडा होता, वरून गुलाबी साखर. ती चावत ऱ्हायली, चावत ऱ्हायली, अन् मी बघत होते की तिच्या नरड्याखाली उतरंना. तरी गिळला. ज्यानं आपलं लेकरू वाढवलं त्याचं मढं तिकडं दारात, अन् हितं ती केक खातीय. हे मी तिच्याकडून करवून घेतलं.

दिस बुडायच्या आत त्यांची गाडी गेली. तेजूला ठिवून गेली. तिला आत पलंगावर आडवी केली, पायाखाली उशी दिली. मी मैद्याचा डबा उघडला. मोबाईल चालू केला तर नुसते फोन पडलेले. आत्याला एवढंच म्हणलं, "आत्या, काका गेले." तिनं मान हालवली. मग कपाटातलं साधं लुगडं काढून नेसली, डोक्यावर पदर घेतला, चपला घातल्या. म्हणली, लखनला सांग, माती थांबवून धरा, मी येते. तेजूला म्हण, आई देवाला गेली.

मी लखनला लावायच्या आधी त्याचाच आला. मागं बायांचं रडणं आयकू येत होतं. तो घोगऱ्या आवाजात म्हणला,

"आईला आणू नको."

मी म्हणलं, कावून? तर दाजीनं गाडीत बसल्या बसल्या आत्या हसून केक खातीय त्याचं रील टाकलं. वरून लिहिलं, आज्जी खूश. ते फिरत फिरत लिंबागणेशला पोचलं. मढ्यापाशी बसलेल्या माणसांनी एकमेकांना दावलं. काकीला, म्हणजे काकाच्या बायकोला, कुण्या मेल्यानं ते नेऊन दावलं. तिनं आत्याचं नाव घेऊन सगळ्यांदेखत सांगितलं, तुळजा माझ्या दारात आली तर मी माती हू द्यायची न्हाई.

लखन म्हणला, आता उचलतेत, फोन ठिवतो. तो मला एक शब्द वंगाळ बोलला न्हाई. बोलला असता तर बरं झालं असतं.

आत्या दारात उभीच होती, चपला घालून. मला सांगावं लागलं. सगळं सांगितलं, दाजीनं काय लिहिलं ते बी, कारण अर्धं सांगितलं असतं तर ती गेली असती. ती आयकून घेत ऱ्हायली. मग इचारलं, जाऊबाई म्हणली असं? मी हो म्हणलं. म्हणलं, आत्या, मी जाते, मी पाया पडते काकीच्या, माझी चूक हाय म्हणून सांगते.

"काय सांगशील? पोरीच्या सासरी कळलं तर उद्या गाडी परत येईल."

तिनं चपला काढल्या, नीट जोडून भिताडाला लावल्या. सैपाकघरात गेली, ओट्याखाली भुईवर बसली अन् पदराचा बोळा करून तोंडात घातला. मी दार लोटून घेतलं अन् तिच्याजवळ बसले. तिचं अंग गदगदा हालत होतं अन् आवाज म्हणून फुटत न्हवता. मी तिला धरलं, तिनं धरू दिलं.

आतनं तेजूनं हाक मारली. झोपेतच असल्यावानी, पण बऱ्याच दिसांनी जरा पोट भरल्यावानी. "आई, काकाला केक ठिवला का गं?"

आत्यानं तोंडातला पदर काढला, नाक पुसलं, अन् बसल्या जागेवरून सांगितलं, "ठिवलाय."