हिलरीचा वाटा

आमच्याकडे तपकिरी पाकिटातून चांगली बातमी कधी येत नाही. म्हणून ते आलं तेव्हा मी टोस्टरच्या मागे सारून दिलं आणि पाच दिवस त्याच्याकडे पाहिलं नाही. सहाव्या दिवशी पाव अडकला, टोस्टर हलवावा लागला आणि पाकीट पायावर पडलं. उघडलं. टॅक्सवाल्यांचं पत्र होतं. गेल्या चार वर्षांत मी आयकर कमी भरला होता. एक हजार आठ पौंड.

तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षं मी ग्रिम्सबीच्या गोदीवरच्या कारखान्यात हॅडॉक मासे चिरतोय. कर पगारातूनच कापला जातो, त्या पैशाला माझा हातही लागत नाही, मग मी कमी भरला कधी? चहाच्या सुट्टीत रबरी बुटांसकट वर पगार विभागात गेलो. तिथे नोरीन बसते. माझ्या लग्नात ती नाचली होती, त्यामुळे मला काहीही बोलायची आपल्याला मुभा आहे असं तिला वाटतं.

"बूट बाहेर काढ, राजा. गालिचा नवा आहे."

"हे बघ आधी. तुमच्या यंत्रानं घोळ घातलाय."

तिनं चष्मा लावून पत्र वाचलं. "यंत्रानं नाही, तू घातलायस. पगाराच्या चिठ्ठीवर तुझ्या टॅक्स कोडच्या शेवटी एम आहे. एम म्हणजे बायकोच्या करमाफीतला वाटा घेणारा नवरा. लायनेल, तुझा घटस्फोट होऊन चार वर्षं झाली. त्यांना कळवायचं कोणी? मी?"

"मला काय माहीत ते अक्षर कशाचं!"

"अख्खा कारखाना पगाराची चिठ्ठी फोनवर बघतो. कागद मागणारा तू एकटा. थापा कोणाला मारतोस?"

पकडला गेलो. माहीत होतंच मला.

हिलरी शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धा दिवस काम करायची. तिची कमाई इतकी थोडी की करमाफीची जी मर्यादा असते त्यातलं बरंच उरायचं. उरलेल्यातला वाटा नवऱ्याला देता येतो हे तिनंच पेपरात वाचलं आणि फॉर्मही तिनंच भरला. "महिन्याला एकवीस पौंड वाचतील," ती म्हणाली, "एक दिवस मासा आणि चिप्स आणू." मी म्हटलं, "बाई, दिवसभर मी दुसरं काय करतो?" "मग चायनीज." तेव्हापासून पगाराच्या शुक्रवारी मिसेस लाऊंच्या दुकानातून दोन डबे यायचे.

पुढे ती मला सोडून गेली. मी घरात असून नसल्यासारखा असतो, असं तिचं म्हणणं होतं. ती ते सांगत असताना मी पेपर वाचत होतो, म्हणजे तिचं खरंच होतं. कुत्रा तिच्याबरोबर गेला, फोटो गेले, तिच्या बहिणीची ख्रिसमसची कार्डं यायची थांबली. माझं लग्न झालेलं आहे असं सांगणारं एकच काहीतरी उरलं, महिनाअखेरच्या कागदावरचं ते अक्षर. मूर्खपणा होता, आणि तो मी चार वर्षं मन लावून केला.

"टॅक्सवाले चार वर्षं झोपले होते," मी नोरीनला म्हटलं, "आताच कशी जाग आली त्यांना?"

ती पत्राची घडी घालत बसली. "फोन कर त्यांना."

"तुला माहीत आहे काहीतरी."

"फोन कर, लायनेल." तिनं एकही टोमणा मारला नाही. मला भीती वाटली ती तिथे.

घरी येऊन टॅक्सवाल्यांना फोन लावला. चाळीस मिनिटं तेच ते संगीत ऐकल्यावर एक तरुण आवाज आला. फार सभ्य होता.

"पैसे आजच भरतो," मी म्हणालो. "सगळे."

"हप्ते करून देता येतील, साहेब. पगारातून थोडे थोडे जातील."

"नको. वाटल्यास पुढेही महिन्याला एकवीस पौंड जास्त कापा. फक्त ते अक्षर राहू द्या."

"कुठलं अक्षर?"

"कोडच्या शेवटचं."

"तसं करता येत नाही, साहेब."

"का? कोणाचं काय बिघडतं? तिचा वाटा नुसता पडूनच तर आहे."

"तो पडून नाही..." मग पाठ केल्यासारखं म्हणाला, "दुसऱ्या करदात्याची माहिती मला देता येत नाही. नियम तेवढा सांगतो. हा वाटा आपल्या नवऱ्याला किंवा बायकोलाच देता येतो."

"नवऱ्याला."

"मी काही सांगितलेलं नाही, साहेब."

"नाही रे बाबा. तू काही सांगितलं नाहीस."

कार्डाचा नंबर मी त्याला दोनदा चुकीचा सांगितला. तिसऱ्यांदा पैसे गेले. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरातलं टेबल पुसून काढलं. कुठल्या तरी दुसऱ्या टेबलाशी बसून हिलरीनं पुन्हा तो फॉर्म भरला असणार, पेनाचं टोक चावत. तिच्यावर रागवावं असं फार वाटलं, पण राग येईना. नुसतं दुखत राहिलं.

पगाराच्या शुक्रवारी चिठ्ठी घ्यायला मी वर गेलो नाही. नोरीनच खाली आली, तिच्या चांगल्या बुटांनी, माशांच्या पाण्यातून. कागद हातात दिला आणि काही न बोलता परत गेली. कोडच्या शेवटी एल होता. सगळ्यांचा असतो तोच.

संध्याकाळी मिसेस लाऊंच्या दुकानात गेलो. मला बघताच त्यांनी दोन डबे मांडले.

"एकच द्या," मी म्हणालो.

"का हो? बाईंना बरं नाही का?"

बाई घरी ताटल्या मांडून वाट बघतायत, असं त्यांना चार वर्षं वाटत होतं. मीच वाटू दिलं होतं. दुसरा डबा मी शनिवारी गरम करून खायचो.

"बरी आहे ती," मी म्हणालो. "तिचं लग्न झालं."

मिसेस लाऊंचा हात झाकणावर तसाच राहिला. "अगंबाई! कधी?"

"ते माहीत नाही. मला टॅक्सवाल्यांनी कळवलं."