अर्धा तास आधी

"आई, आपल्या घरी नाताळच्या सकाळी तवा का तापत नाही?"

प्रश्न तोंडातून सुटला तेव्हा ब्रिन चमच्यांकडे बघत होती. ओट्याच्या कडेला, चार पदरी घडी घातलेल्या फडक्यावर, चार चमचे पालथे निजवलेले — एकमेकांना चुकूनही लागणार नाहीत इतकं अंतर राखून, इस्पितळातल्या खाटांसारखे — आणि तिला वाटलं, सगळे एका मुठीत उचलावेत आणि फरशीवर असे आपटावेत की पलीकडच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं पाहिजे. वाटलं म्हणजे काय, बोटं वळलीसुद्धा. मग तिने तो हात सदऱ्याच्या खिशात कोंबला.

"हळू बोल," आई म्हणाली.

"हळूच बोलले की."

"त्याहून हळू."

हे उत्तर झालं का? वर्गातली लूपे म्हणाली असती, झालं, वेडे, हेच तर उत्तर... पैज लूपेनेच लावली होती. काल दुपारी, तिच्या घरी, मक्याच्या पिठाच्या डोंगराभोवती अकरा बायका-पोरी बसून मक्याच्या पानांत सारणासकट गुंडाळून तमाले वळत होत्या, सगळ्या एकदम बोलत होत्या आणि ऐकत कुणीच नव्हतं, लूपेचा मामा चुलीजवळ उभा राहून भसाड्या आवाजात गात होता आणि त्याची बायको त्याला पिठाच्या हाताने मारत होती — मारत, पण हसत. ब्रिनला हे समजायलाच मिनिटभर लागलं — तेवढ्यात पातेल्याचं झाकण पडलं. खण्णकन. सगळ्या झाकणाकडे बघून ओरडल्या. ब्रिनने दाराकडे बघितलं. मान आत, खांदे वर. शाळेच्या कुस्तीच्या संघात सहा महिन्यांत नऊ पोरी चितपट करणारी ब्रिन हॉफस्टेटर, जी आता वर्गात हात वर न करताच बोलते, जिच्या हसण्याला सर वैतागतात, ती ब्रिन एका झाकणाला...

"दाराकडे काय बघितलंस गं?" लूपेने विचारलं. तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"सवय. पंच येतोय की काय म्हणून."

"हॅ. उद्या तुमच्याकडे काय असतं सकाळी?"

ब्रिनने पाठ म्हणून दाखवलं. सगळं आदल्या दिवशी करून ठेवायचं. पावाचे तुकडे, सॉसेज, चीज, वरून दूध-अंडी, काचेच्या भांड्यात थरावर थर, वर चांदीचा कागद, आणि फ्रीजमध्ये. दालचिनीचे रोल वळून तयार. ओट्स बरण्यांत भिजलेले. सकाळी फक्त ओव्हन लावायचा. कुणी उभं राहत नाही, कुणी तळत नाही, कुणी आवाज करत नाही. मजेत, निवांत.

"तवासुद्धा नाही?"

"नाही."

"का?"

"...नाही म्हणजे नाही."

"आईला विचार. पैज. विचारलंस तर माझे लाल बूट तुझे."

"तुझे बूट माझ्या अंगठ्याला होतील फक्त."

"मग घाबरट म्हणून मर."

घाबरट! आता विचारलं होतं, आणि आई ओव्हनची कळ फिरवत होती — पावणेचारशे फॅरनहाइटवर, सावकाश, कळीचा टक् असा आवाज होतो त्याच्या अलीकडे क्षणभर थांबून, मग अंगठ्याने दाबून तो आवाज गिळून टाकत. आईचा अंगठा हे छान करतो. कपाटांच्या दारांना आतून तिने मऊ नमद्याचे तुकडे चिकटवलेत. खुर्च्यांच्या पायांना चिरलेले टेनिसचे चेंडू. कॉफीचं यंत्र पाहुण्यांच्या खोलीत, उशी लावून. आणि गावाला वाटतं काय, तर जोलीन हॉफस्टेटर म्हणजे केवढी नेटकी बाई! चर्चच्या बायकांनी काढलेल्या पाककृतींच्या पुस्तकात तिचं पान आहे, 'नाताळची निवांत न्याहारी', खाली ठळक अक्षरात: *भांडे अर्धा तास आधी फ्रीजमधून बाहेर काढावे, मगच तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवावे, नाहीतर काच फुटते.* बायका ते पान दाखवत म्हणतात, तुझ्यामुळे आम्हालाही सकाळी घरच्यांबरोबर बसता येतं गं. आई म्हणते, अय्या, त्यात काय.

त्यात काय.

"काढ बाहेर," आई कुजबुजली. "आणि अर्धा तास हात लावू नकोस. नऊला आजी येईल. मी पायऱ्यांवरचा बर्फ ओढून येते, म्हातारी घसरायची."

"आई, मी काहीतरी विचारलं."

आईने कोट चढवला. चेन वर ओढताना दोन बोटं चेनच्या आत घातली, आवाज होऊ नये म्हणून. मग ब्रिनच्या गालाला हात लावला, आणि हात लावताना तिचा उजवा खांदा जितका वर जायला हवा तितका गेला नाही. चार वर्षं तो तितका जात नाही. "तुला माहितीये ना," ती म्हणाली. "मग का विचारतेस?"

आणि गेली.

माहितीये. चार वर्षांपूर्वी तवा तापला होता. पॅनकेक हवेत, ताजे, कडेला कुरकुरीत — हा हट्ट ब्रिनचाच, बारा वर्षांच्या ब्रिनचा. आणि आई हसली होती आणि म्हणाली होती, चल, करू. बिडाचा तवा, दोन्ही हातांनी उचलावा लागणारा, शेगडीवर ठेवताना एकदा वाजला. एकदाच. बाबा पहाटे परतले होते. कडाक्याच्या थंडीत शेतावरच्या घरांच्या गॅसच्या टाक्या भरत ट्रक घेऊन हिंडायचं काम त्यांचं, आणि विधवा मिसेस ओल्सनची टाकी ते दरवर्षी फुकट भरतात, गावात कुणालाही विचारा, कर्टसारखा माणूस नाही... ते दारात आले. ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नाहीत. खालच्या, जवळजवळ प्रेमळ आवाजात म्हणाले, "कुणी हलायचं नाही." आणि कुणी हललं नाही. आईसुद्धा नाही, तवा तिच्याकडे येत असतानासुद्धा. हाड मोडल्याचा आवाज तव्याच्या आवाजापेक्षा पुष्कळ लहान होता.

पण हे नाही. खरं ते हे नाहीच. इस्पितळात नर्सने आईला विचारलं, काय झालं, आणि आईने तोंड उघडायच्या आत मी बोलले. मी! "पायरीवर बर्फ होता. तिसऱ्या पायरीवर. तिच्या हातात पाखरांच्या दाण्याचा डबा होता, म्हणून तिला कठडा धरता आला नाही." तो डबा कुणी शिकवला नव्हता मला. तो माझा मला सुचला. नर्सने लिहून घेतलं. परत येताना बाबांनी गाडीच्या आरशातून माझ्याकडे बघून डोळा मिचकावला — "माझी वाघीण" — आणि मला, देवा, मला बरं वाटलं...

ब्रिनने फ्रीज उघडला. भांडं हातात घेतलं. काच इतकी थंड की तळव्यांना चटका बसावा. खिडकीतून आई दिसत होती, पाठमोरी, फावडं दगडावर घासणार नाही अशा बेताने बर्फ उचलणारी, अंगणातसुद्धा, मोकळ्या आभाळाखालीसुद्धा आवाज चोरणारी. आणि ब्रिनच्या छातीत काहीतरी असं तापलं, की आईचीच मान धरावी आणि बर्फात दाबावी, ओरड, म्हणावं, एकदा तरी ओरड गं बाई! तिने ओव्हनचं दार उघडलं. तोंडावर धग आली. तिने भांडं आत ठेवलं आणि दार लावलं.

विसरली. घाईत विसरली, डोकं कुठे होतं कुणास ठाऊक... नाही. विसरली नव्हती. ते ठळक अक्षरातलं वाक्य तिला दिसत होतं, अक्षरन् अक्षर. की नंतर दिसलं? ती ओव्हनसमोर उकिडवी बसली आणि काचेतून आत बघत राहिली, सामन्याआधी समोरच्या पोरीच्या डोळ्यांत बघावं तशी.

मग ते फुटलं.

बंदुकीचा बार व्हावा तसं. ओव्हनचं दार आपोआप हातभर उघडलं, अंड्याचा पिवळा लोंढा फरशीवर आला, तापलेल्या सळयांवर उरलेलं चरचरलं, धूर, जळकं चीज, काचा फ्रीजपर्यंत. पलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं. आई बर्फाच्या बुटांनीच धावत आत आली. आणि आतल्या दारात बाबा उभे होते, मोज्यांवर, गालावर उशीची वळी.



"जोलीन," बाबा म्हणाले. तोच आवाज. "अर्धा तास. तू स्वतः छापलंयस. अख्खं गाव वाचतं आणि अर्धा तास थांबतं."

"राहून गेलं, कर्ट. चुकलं माझं."

"मी ठेवलं ते," ब्रिन म्हणाली.

"तुला कुणी विचारलं नाही." ते काचांवरून चालत आले. खरंच, काचांवरून, मोज्याला लाल ठिपका फुटला तरी खाली न बघता. "वर्षातून एक सकाळ. एक. माझी आई येणार आहे घरी, आणि तू..." आणि हात वर गेला.

तो अर्ध्यातच धरला गेला. ब्रिनने धरला असं म्हणता येणार नाही. तिच्या अंगाने धरला, सहा महिने रोज दुपारी गादीवर घोटलेल्या अंगाने. दोन हात एका हातावर, कोपर आपल्या छातीशी आवळून, खांदा खाली, एक पाऊल मागे, आणि वळण. बाबांचा गुडघा फरशीवर आपटला. अंड्यात. केवढं हलकं असतं माणूस! हे कुणी सांगितलंच नव्हतं कधी. चार वर्षं हा हात दारांतून, कपाटांतून, चमच्यांतून सगळीकडे होता, आणि होता तो केवढा? तिच्या दोन पंजांत मावेल एवढा. ती अजून थोडी वळली. हाड कुठवर येतं आणि कुठून पुढे येत नाही, ती रेघ तिला बोटांखाली स्पष्ट लागली, आणि ती रेघ ओलांडायची इच्छा इतकी गोड होती, इतकी गोड, तोंडाला पाणी सुटावं अशी... ती त्यांच्या कानाशी वाकली आणि खालच्या, जवळजवळ प्रेमळ आवाजात म्हणाली:

"हलायचं नाही."

कोण बोललं हे?

"सोड!" आई किंचाळली. किंचाळली, आई! "सोड त्याला, हात मोडेल त्याचा! ब्रिन, सोड!" आणि बर्फाने भिजलेल्या हातमोज्याची थप्पड ब्रिनच्या कानाखाली बसली. सोळा वर्षांत आईने तिला बोट लावलं नव्हतं. त्या सकाळी त्या घरात जी एक चापट बसली ती हीच, आणि ती त्या मोडक्या खांद्याच्या हाताने, पूर्ण वर जाऊन बसली होती.

ब्रिनने हात सोडला.

कान वाजत होता. बाबा फरशीवर बसून मनगट चोळत होते, आणि हसत होते. थोडेसे, धाप लागलेले. "कोचने शिकवलं?"

"हो."

"चांगली आहे पकड." आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते राग असतं तर किती बरं झालं असतं. कौतुक होतं. आपलं माणूस ओळखल्यासारखं.

आई तोवर खाली बसून काचा वेचायला लागली होती, एकेक काच कागदावर, आवाज न करता. "ओट्स आहेत," ती म्हणत होती, कुणाला कुणास ठाऊक. "रोल आहेत. रोल लावू आपण. वीस मिनिटांत होतात. कर्ट, मोजे काढ, पाय बघू. आजीला म्हणू, भांडं निसटलं. फरशी ओली होती, बुटांचा बर्फ..." मग तिने मान वर केली, आणि तिचा चेहरा इतका थकलेला, इतका विश्वासाचा होता. "ब्रिन, तू सांग. तू छान सांगतेस."

छान सांगते. खरंच छान सांगते मी... वाक्य तयारही झालं होतं, विचारायच्या आत, सगळ्या सामानासकट: आईच्या हातात दोन भांडी होती, एक हातमोजा ओला, बाबा पकडायला धावले, म्हणून त्यांच्या पायाला लागलं. बाबांच्या पायाचंसुद्धा बसत होतं त्यात. किती सुरेख बसत होतं. नऊला पंचवीस मिनिटं होती. तिला एकदम कळलं की हे असं किती वर्षं चालू शकतं, आणि त्यात तिची जागा ओट्याशी नाही, आईशेजारी नाही; तिथे, फरशीवर, जिथून बाबा कौतुकाने बघतायत, त्यांच्या शेजारी आहे. हात पोटाशी धरले तरी बोटांतली ती गोडी जात नव्हती. बाहेर कुत्रं अजून भुंकत होतं.

"नाही," ती म्हणाली. आवाज खालचा नव्हता, मोठाही नव्हता, आणि तो कुणाचा आहे हे तिला ओळखू येईना. "आजीला मी सांगणार आहे, पण ते नाही. ती दारात असतानाच सांगणार, कोट काढायच्या आधी. आधी माझं सांगेन. इस्पितळात मी काय खोटं बोलले ते, आणि आत्ता तुमचा हात धरला होता तेव्हा मला काय करावंसं वाटत होतं ते. मग तुमचं, बाबा. आणि मग आई... मग तुझं."