हिरवा पंच्याण्णव

सासूबाई चहा करायला उठल्या की पडद्यावरचा त्यांच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा घसरतो. खुर्चीपासून ओट्यापर्यंत चालायचं, तेही ऑक्सिजनची नळी काढून. गॅसजवळ नळी नेऊ नका असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि चहा दुसऱ्याच्या हातचा चालत नाही. मग बोटावरच्या चिमट्याचा आकडा पंच्याण्णववरून नव्वदवर येतो. त्या कप घेऊन खुर्चीत परततात, नळी लावतात, की हळूहळू वर चढतो. मी ऑफिसात बसून हे रोज बघते. घरी असलेल्या पेशंटांवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम आमची कंपनी चालवते, तो माझ्याकडे आहे आणि त्यातली एक ओळ माझ्या सासूची आहे.

त्या दिवशी चहाची वेळ होऊन गेली तरी आकडा हलला नाही. पंच्याण्णव, हिरवा.

"आज म्हातारीने चहा सोडला की काय!" मी लंबूला म्हटलं. लंबू आमचा नेटवर्कवाला. त्याच्यावर मी सकाळपासून भडकलेलीच होते. ऑफिसातून बाहेर जाणारं सगळं त्याने त्याच दिवशी प्रॉक्सीमधून वळवलं होतं. म्हणजे आमचा प्रोग्रॅम हॉस्पिटलच्या सर्व्हरशी थेट बोलणार नाही, मधल्या एका मशीनला सांगणार आणि ते पुढे जोडून देणार.

"सोडला तर बरंच, तेवढीच साखर कमी," लंबू म्हणाला.

"सासू माझी आहे. टोमणे मी मारीन."

हसता हसता माझी नजर वरच्या ओळीवर गेली. तिथले आजोबा सतत खोकतात, त्यांचा आकडा कधी एका जागी ठरत नाही. तेही ब्याण्णववर गप्प. खालच्या बाईही गप्प. सगळा पडदा हिरवागार आणि एकही आकडा हलत नव्हता.

"लंबू, सर्व्हरकडून काही येतंय का बघ."

"प्रॉक्सी म्हणतेय, जोडलंय."

"तिचं कौतुक नको सांगूस! पलीकडून काही येतंय का?"

त्याने बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "नाही गं. जेवणानंतर काहीच आलेलं नाही."

"मग टाइमआउट का नाही झाला? उत्तर नाही आलं तर बोंब मारायची, एवढं एकच काम आहे त्याला!"

बोलता बोलता माझं मलाच कळलं. वाट किती वेळ बघायची ही मर्यादा फक्त दारापर्यंत पोचण्यासाठी होती. कालपर्यंत दार म्हणजे सर्व्हर होता, आज ते प्रॉक्सी झालं. प्रॉक्सी लगेच म्हणाली, या, जोडून देते. प्रोग्रॅमला वाटलं पोचलो, त्याने घड्याळ बंद केलं. पण जोडणी सुरक्षित व्हायची तर त्यानंतर सर्व्हरबरोबर सांकेतिक किल्ल्यांची अदलाबदल व्हावी लागते, आणि नेमकी तीच मध्येच अडकली होती. सर्व्हरकडून ना हो, ना नाही. शिपायाने "बसा, साहेब बोलावतील" म्हणून बाकावर बसवावं आणि साहेब जागेवरच नसावेत, तसा आमचा प्रोग्रॅम मुकाट बसून होता. त्याच्या लेखी काही बिघडलंच नव्हतं, म्हणून घंटा वाजली नाही. पडद्यावर आपले शेवटचे आकडे तसेच.

मी सासूबाईंना फोन लावला. नुसता वाजत राहिला. यावरून काही कळायला मार्ग नव्हता, कारण चहा पोटात गेल्याशिवाय सासूबाई कुणाचाच फोन घेत नाहीत. पुन्हा लावला.

तडक उठून पळावंसं वाटत होतं. पण मी गेले असते तर बाकीचे सगळे पडद्यावर तसेच हिरवे राहिले असते, आणि त्यातलं कोण कुठे घुसमटतंय कुणास ठाऊक. "तुझी ती प्रॉक्सी आधी वाटेतून काढ," मी लंबूवर ओरडले आणि प्रोग्रॅम उघडला. किल्ल्यांच्या अदलाबदलीलाही मर्यादा घातली. देवा, लवकर, लवकर, असं मी मोठ्याने म्हणत होते.

प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. सगळा पडदा आधी करडा झाला, मग एकेक ओळ भरायला लागली. आजोबा आले, खाली-वर होत. बाई आल्या. सासूबाईंची ओळ सगळ्यात शेवटी आली. एक्काहत्तर. लाल.

"अँब्युलन्स पाठव माझ्या घरी!" एवढंच म्हणाले आणि धावत सुटले. घर मागच्याच रस्त्याला आहे, पण तो रस्ता त्या दिवशी संपेना. लोक बघत होते. किल्ली कुलपात जाईना तेव्हा मी दारालाच शिव्या घातल्या.

सासूबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या, ओट्याला पाठ टेकून. गॅस बंद होता. ओठ निळे पडले होते. नळी बाहेर खुर्चीवर लोंबत होती. मी ती आतपर्यंत ओढली आणि त्यांच्या नाकाला लावली.

"आई! आई, डोळे उघडा!"

बऱ्याच वेळाने उघडले. मला रडू फुटलं आणि रागही आला. "अहो, फोन तरी करायचात! खिशातच तर आहे! शेजारी हाक मारायचीत!"

"कशाला?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "दम लागला… म्हणून बसले. म्हटलं, जास्त काही असतं… तर तू आली असतीस."

"आई…"

"तू आली नाहीस. म्हटलं… ठीक असेल."

त्यांचं डोकं छातीशी धरून मी तिथेच बसले. खाली अँब्युलन्सचा भोंगा वाजला. जिन्यावर पावलं वाजली, दोघं जण आत आले. त्यातल्या एकाने स्वतःचं यंत्र बाहेर काढलं आणि सासूबाईंच्या बोटावरचा आमचा चिमटा काढायला हात पुढे केला. त्यांनी मूठ मिटली.

"हा राहू दे," त्या म्हणाल्या. "सून बघते यावर."