जपानच्या जागी नेपाळ

आमच्या विट्याकडची पोरं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. माझा पोरगा सूरज तर थेट काठमांडूला जाऊन बसला. या जूनमध्ये त्यानं बायको रेश्मा आणि पोरगी क्रांती यांना गावी पाठवलं. क्रांतीला गावच्या शाळेत तिसरीत घातली. तिकडंच जन्मलेली, तिकडंच शिकलेली. मराठी सगळं समजायचं, पण तोंड उघडायची नाही. चार महिन्यांत आजोबाशी चार वाक्यं बोलली नसेल. बावीस वर्षं फौजेत मी भल्याभल्यांना सरळ केलं, आणि हे एवढंसं पोर माझ्याकडं बघेना. फार वाईट वाटायचं.

दिवाळीआधीच्या शनिवारी शाळेतल्या माया बाईंनी देशोदेशीच्या गोष्टींची वाचनसंध्या ठरवली. प्रत्येक घरानं चिठ्ठी उचलायची आणि निघेल त्या देशाची गोष्ट घरातल्या मोठ्यानं आणि पोरानं मिळून वाचायची. आम्हाला जपान निघाला.

मला कुठला धीर निघतोय. तडक शाळेत गेलो. "आवं बाई, नेपाळ आमच्या घरात हाय आन् आमी जपान कशाला वाचायचा?" बाईंनी हसत चिठ्ठी बदलून दिली.

घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर क्रांती रडत आत पळाली. रेश्मा म्हणाली, "आवं आबा, वर्गात तिला नेपाळी म्हनून चिडवत्यात. जपान निघाला म्हनून खूश हुती पोरगी. तुमी गावभर दवंडी पिटून आला."

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. पण शब्द देऊन बसलो होतो. म्हटलं, पोरीला उभीच करायची नाही, मी एकटाच वाचीन. तिचं तिकडचं नेपाळी गोष्टींचं पुस्तक ट्रंकेत होतंच, आणि अक्षरं तर आपलीच.

शनिवारी शाळेच्या मैदानात सतरंज्या भरल्या. शेजारच्या भाऊसोच्या घरानं ब्राझीलची गोष्ट झकास वाचली. मग मी उभा राहिलो. "एउटा गाउँमा एउटी बूढी आमा थिइन्." एकेक शब्द तोडून, हजेरी घेतल्यासारखा वाचत गेलो. चौथ्या ओळीत एका जोडाक्षरात गाडी रुतली ती निघेचना. आधी पोरं हसली, मग बाया. मी परत तीच ओळ धरली.

एवढ्यात कुणीतरी हातातलं पुस्तक ओढलं. क्रांती होती.

"असं न्हाई," ती म्हणाली, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. न अडखळता, झरझर. पान संपलं की मोडक्यातोडक्या मराठीत अर्थ सांगायची, "एका गावात एक म्हातारी हुती," आणि अडली तर आईकडं बघायची. तिला सगळ्यात जास्त चिडवणारा रोहन गुडघ्यांवर पुढं सरकला.

"मग म्हातारीचं काय झालं?" त्यानं विचारलं.

"थांब की. पुढच्या पानावर हाय."

कार्यक्रम संपल्यावर माया बाई हळूच म्हणाल्या, "आबा, मुद्दाम चुकलात ना? चांगली युक्ती केलीत." मी नुसता मिशीवर हात फिरवला. खरं तर मी जीव तोडून वाचत होतो.

घरी जाताना क्रांती पुढं चालत होती. एकदम वळून माझ्यावर तडकली, "आबा, तुमी लय चुकता. उद्या शाळंतनं आले की शिकवते. पाटी घिऊन बसायचं."

"उद्या रविवार हाय," मी म्हणालो.

"मग सकाळीच बसा."