बसायला माणसं हवीत

"ओळखीवर धंदा करतात ते कुचकामी! या चाळीस खुर्च्या मी एकट्याने केल्या. फळी मी कापली, खिळा मी ठोकला, पॉलिश मी मारलं," सुताराने हॉलवाल्यांना छाती काढून सांगितलं.

"वा!" हॉलवाले म्हणाले. "मग उद्या चारला या चाळीसही खुर्च्यांवर माणसं बसवून दाखवा. तासभर. मागच्या सुताराच्या खुर्च्यांवरनं भर सभेत तिघे आपटले माझे. टिकल्या तर आणखी दोनशेची ऑर्डर, जागेवर सही."

सुतार 'हो' म्हणून बसला. ही ऑर्डर गेली, तर सोडलेल्या नोकरीवर, जुन्या मालकापुढे पुन्हा रंधा घेऊन उभं राहायचं.

त्याने फोन उघडला. नंबर सहा. दोन लाकूडवाल्याचे, एक स्वतःचाच. शेजारच्या लोहाराला विचारलं.

"मी पान्हा मागितला तेव्हा काय म्हणालात? 'आपापलं बघा.' मग आता आपलं बघतोय."

"अहो, माझ्या भावाला सांगू का?" बायको म्हणाली.

"त्या रिकामटेकड्याला? मेलो तरी नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला त्याने स्वतःच मेहुण्याला फोन लावला.

"एवढंच ना, दाजी?"

पावणेचारला सुताराच्या कारखान्यापुढे दोन टेम्पो आले. क्रिकेटची अख्खी टीम, शिवणक्लासच्या बायका, ड्रायव्हिंग स्कूलवाले मास्तरांसकट.

"काहीही होवो, पाच वाजेपर्यंत कुणी बूड हलवायचं नाही," मेहुण्याने दम भरला आणि दुसरा फोन घेत बाहेर गेला.

हॉलवाले हाताची घडी घालून उभे. सुतार खुर्च्यांखाली वाकून कान लावत फिरत होता. कुठेतरी कट्‌कन वाजलं. तो पांढराफटक पडला.

"माझा गुडघा आहे तो," वरून एक बाई म्हणाल्या.

पाचला दहा कमी असताना हॉलवाल्यांनी कागद काढला. "पटलं मला. जरा टेकू द्या, सही करतो."

"उठा की कुणीतरी!" सुतार ओरडला.

कुणी उठेना.

"तुम्ही कोण?" टीमच्या कॅप्टनने विचारलं. "आम्हाला दादांनी पाच सांगितलंय."

"अरे, या खुर्च्या माझ्या आहेत!"

"असतील. अजून दहा मिनिटं आहेत."

सुताराने धावत जाऊन कोपऱ्यातलं स्वतःचं कामाचं स्टूल आणलं, बाहीने पुसलं, पुढे सरकवलं. हॉलवाले बसले. पेनाचं टोपण काढलं. स्टुलाचा मागचा पाय सुटला आणि ते कागदासकट खाली आले.